बोटीच्या पोटाचा पत्रा

नागपुरात मी बोटींचं काम करतो असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "पण समुद्र कुठं आहे?" समुद्र नाही, हे मलाही ठाऊक आहे. शाळेत भूगोलात मी तेवढ्यापुरता पास झालो होतो. पण तलाव आहेत, धरणांचं पसरलेलं पाणी आहे, रिसॉर्टवाल्यांनी जेसीबी लावून खणलेली डबकी आहेत, आणि या प्रत्येकावर काहीतरी तरंगलंच पाहिजे अशी अलीकडे सगळ्यांना घाई सुटली आहे. त्या तरंगणाऱ्या वस्तूच्या पोटाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा बसवणारा माणूस मी. बोटीवर खुर्च्या असतात, झालर असते, सेल्फी काढणारी मंडळी असतात. माझं काम ज्याला पाहायचं असेल त्याला बुडी मारावी लागते, आणि अजून तरी कोणी मारलेली नाही.

उमेदीची वर्षं मी कामठी रोडवर बसच्या बॉड्या बांधण्यात घालवली. पुढे बसगाड्या कारखान्यातूनच सजूनधजून यायला लागल्या आणि आमच्या हातात पत्राकापणीची कात्री आणि रिबिटगन तेवढी उरली. रिबिट म्हणजे पत्रा आणि सांगाडा एकमेकांना आवळून धरणारी छोटी खिळी. तेव्हा एका ओळखीच्या माणसाने विचारलं, बसला खालून पत्रा मारता, तर बोटीला माराल का? मी म्हटलं, मारीन, फक्त ती उभी राहायला हवी. असा मी बोटीचा मिस्तरी झालो.

बोट म्हणजे तुम्ही होडी समजत असाल तर ती नव्हे. आमची बोट पाँटूनची. दोन लांब, पोकळ, दोन्ही टोकांना बंद केलेले नळे. त्यांच्यावर आडवे चॅनल, म्हणजे धातूच्या तुळया, चॅनलवर प्लायवूड, प्लायवूडवर माणसं. नळे पाण्यात आणि बाकी सगळा संसार पाण्याच्या वर. मोटर सुरू झाली की दोन नळ्यांच्या मधून पाणी उसळतं आणि आडव्या चॅनलवर थडाथड आपटतं. बोट अडते, पेट्रोल जळतं आणि प्लायवूड खालून भिजून कुजायला लागतं. म्हणून चॅनलच्या खालून पत्रा मारायचा, म्हणजे पाणी त्याच्यावरून सरळ मागे सरकतं. पत्रे मारताना सुरुवात बोटीच्या मागच्या टोकापासून करायची आणि पुढे यायचं, म्हणजे पुढच्या पत्र्याची कड मागच्याच्या खाली येते आणि धावतं पाणी फटीत शिरत नाही. उलटं केलं तर पहिल्याच फेरीत पत्रा सोलून निघतो. आणि एक गोष्ट, जिच्यावरून पुढचा सगळा तमाशा झाला. फटी पूर्ण बुजवायच्या नाहीत. फळीवर सांडलेलं पाणी, पावसाचं पाणी प्लायवूडच्या जोडांमधून खाली उतरतंच, आणि त्याला बाहेर जायला वाट ठेवावी लागते. हे सगळं काम बोट लाकडी ओंडक्यांवर चढवून, तिच्याखाली गोणपाटावर उताणं पडून करायचं असतं. ॲल्युमिनियमचा कीस डोळ्यांत पडतो आणि मिस्तरीच्या तोंडून जे निघतं ते दिवाळी अंकात छापता येत नाही.

गिऱ्हाइकांबद्दल काय सांगावं. धरमपेठेत राहणारे एक मिठाईवाले, त्यांचं गावाबाहेर रिसॉर्ट. त्यांना पोटाखालच्या पत्र्यावर दुकानाचं नाव रंगवून हवं होतं. मी म्हटलं, "शेठजी, खालून कोण वाचणार?" ते म्हणाले, "ड्रोन उडते ना आपला." ड्रोन वरून उडतो हे त्यांना समजावण्यात एक सकाळ गेली, आणि शेवटी त्यांच्या समाधानासाठी नाव रंगवलंच. त्या तलावातले मासे आता गिऱ्हाईक झाले असतील तर मला कल्पना नाही. दुसरे एक गृहस्थ सारखे विचारायचे की पत्रा मगरीचा दात सहन करेल ना. त्यांच्या डबक्यात चार बदकं होती आणि त्यातलं एक लंगडं होतं. मी त्यांना जाड पत्रा सुचवला. धंदा हा धंदा असतो.

पण आज सांगायचं आहे ते गुलाबभाऊचं. गुलाबभाऊ माझा भागीदार, आणि त्याच्या आधी नागपुरातला नावाजलेला कूलरवाला. आमच्या गावाचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला कूलरवाल्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मार्च लागला की लोक डॉक्टरपेक्षा कूलरवाल्याला जास्त मान देतात. त्यातही गुलाबभाऊच्या कूलरची टाकी म्हणजे विषय संपला. पत्र्याचा काठ दुमडायचा, जोडावर सीलंट भरायचं, बोटाने पुसायचं, पुन्हा भरायचं, वाळलं की टाकीत पाणी घालून खाली वर्तमानपत्र पसरायचं. सकाळी वर्तमानपत्र कोरडं असलं तरच कूलर दुकानाबाहेर जायचा. पाणी अडवणं हाच त्याचा देव होता. लोक एसी घ्यायला लागले, कूलर प्लास्टिकचे आले, आणि मग मी त्याला बोटीत ओढलं. पत्रा कापण्यात आणि दुमडण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी त्याच्यासमोर कधीही कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही. तो हा अंक वाचत नाही.

कुंदाबाई आमच्याकडे आल्या त्या कन्हान नदीच्या पलीकडच्या एका गावाहून. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले सगळेच लोक नंतर या भानगडीत शहाणे ठरल्याचं सांगतात. गावात जुना मालगुजारी, म्हणजे इकडच्या जमीनदारांनी बांधलेला, तलाव आहे. ढीवर समाजाच्या बायकांच्या बचतगटाने त्या तलावावर बोट चालवायचं ठरवलं होतं आणि कुंदाबाई त्या गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या घरातल्या पुरुषांनी याच तलावात जाळी टाकली, पण तलावावर फिरायला येणाऱ्यांचा धंदा होणार म्हटल्यावर एक बाहेरचा ठेकेदार आधीच फायबरची बोट घेऊन काठावर येऊन बसला होता. नियम असा होता की बायकांची बोट तपासणीत पास झाली तर तलाव त्यांच्याकडे, नाहीतर ठेकेदाराकडे. कुंदाबाईंनी बोटीचा सांगाडा दुसरीकडून बनवून आणला होता आणि खालच्या पत्र्यासाठी आम्हाला गाठलं.

त्या आमच्या शेडमध्ये आल्या तेव्हा गुलाबभाऊने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. कुंदाबाई म्हणाल्या, "भाऊ, साहेब लोकं लय बारीक पाहून राहिले. खालून काहीच खोट निंगाली नाई पाहिजे. हे बोट गेली तं तलाव गेला, अन् तलाव गेला तं आमच्या पोट्ट्याईले ठेकेदाराची बोट धुवाची पाळी येईन."

गुलाबभाऊ म्हणाला, "ताई, तुमी निवांत राहा. एक थेंब नाई जानार."

मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं की थेंब जायलाच पाहिजे. पण गिऱ्हाइकासमोर भागीदाराला खोडायचं नाही असा आमच्यात रिवाज आहे. आम्ही एकमेकांना मागून खोडतो.

तलावाच्या काठावरच काम सुरू केलं. मी मागच्या टोकापासून पत्रे मारत पुढे येत होतो आणि गुलाबभाऊ कापून, वाकवून माझ्या हातात देत होता. पत्र्यांच्या जोडात मी बारीक वाट ठेवत होतो आणि तो दर वेळी खाली वाकून त्या वाटेकडे असं पाहायचा की जणू मी त्याच्या टाकीला खिळा मारला आहे. शेवटी त्याला राहवलं नाही.

"हे फट काहून ठेवून राहिला तू?"

"वरचं पानी खाली जाले."

"अन् खालचं वर आलं तं?"

"खालचं वर येत नाई. नळे बोटीले पान्याच्या वर धरतात. शिंतोडे येतील तेवढे, ते त्याच फटीतून जातील."

"मले पटत नाई, गा."

आता इथे एखादा सज्जन माणूस दोन शब्द नीट समजावून गप्प बसला असता. मी म्हटलं, "तुले कसं पटन? हे बोट होय बावा, तुया कूलर नाई. इथं वाळ्याची खस लावाची नसते."

गटाच्या चारदोन बायका तिथे होत्या, त्या हसल्या. गुलाबभाऊच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने हातातली कात्री खाली ठेवली, पाणी प्यायला, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. बोलणं बंद झालं म्हणजे फक्त एकमेकांशी. दोघंही कुंदाबाईंशी बोलायचो. मी बोटीच्या खाली, तो हाताच्या अंतरावर, आणि तो म्हणायचा, "कुंदाबाई, त्याले सांगा, पुढचा पत्रा तयार हाय." कुंदाबाई मला सांगायच्या. मग मी म्हणायचो, "त्याले म्हना, दोन सूत जास्त कापला." कुंदाबाई त्याला सांगायच्या. दुसऱ्या दिवशी त्या वैतागून म्हणाल्या, "मी अध्यक्ष हाय, तुमची भोंगा लावलेली गाडी नाई," आणि निघून गेल्या. त्यानंतर आम्ही बोटीशी बोलायला लागलो.

पत्रे मारून झाले. कडांची किरकोळ साफसफाई आणि बोट पाण्यात उतरवणं तेवढं राहिलं होतं, आणि त्याच वेळी माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. धंतोलीतल्या दवाखान्यात डोळ्याला पट्टी बांधून मी पडून राहिलो. अख्ख्या विदर्भातून आलेले रोगी त्या गल्लीत होते, पण आमच्या शेडमधून कोणी आलं नाही. गुलाबभाऊने माझ्या बायकोकडे फोनवरून चौकशी केली म्हणे, "डोया कसा हाय?" माझा डोळा कसा आहे एवढंच. डोळ्याचा मालक कसा आहे हे विचारायचं त्याने टाळलं.

मी परत गेलो तेव्हा बोट पाण्यात होती. पोट पाण्याकडे गेलं होतं, वरून सगळं झकास, बायकांनी रोज बादल्या ओतून घासलेलं. गुलाबभाऊ काठावर उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ते समाधान होतं जे पूर्वी सकाळी कोरडं वर्तमानपत्र पाहिल्यावर यायचं. मला शंका यायला हवी होती. नव्या डोळ्याने मी इतका खूश होतो की काठावरच्या झाडांची पानं मोजत बसलो.

पहिली तपासणी झाली. नळ्यांवर एक लाल पट्टा रंगवलेला होता. बोटीत पूर्ण माणसं बसल्यावर पाणी त्या पट्ट्याच्या खाली राहिलं पाहिजे, ही परीक्षा. गटाच्या बायका नऊवारी आणि सहावारी सावरत, लाइफ जॅकेट घालून रांगेत बसल्या. पट्टा पाण्याखाली गेला.

तपासणीचे साहेब तरुण होते, पांढऱ्या बुटांचे, आणि गॉगल डोक्यावर ठेवायचे. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "यातल्या दोन-तीन हेवी बायका उतरवून बघू या का?"

कुंदाबाई म्हणाल्या, "साहेब, फिराले येनारे काय वजनकाट्यावरून येनार हायेत?"

साहेबांनी गॉगल डोळ्यांवर घेतला. नळ्यात पाणी शिरत असेल किंवा खालचा पत्रा गळत असेल, पुढच्या तपासणीला बोट बाहेर काढून दाखवा, आणि ती शेवटची, असं सांगून ते गेले. ठेकेदार काठावर खुर्ची टाकून बसला होता. त्याने कुंदाबाईंना चहा विचारला, आणि तो चहा त्यांच्या किती जिव्हारी लागला हे त्यांनी घेतलाच नाही यावरून मला कळलं.

मी लगेच निदान केलं. नळे. नळे ज्या वेल्डरने बनवले होते त्याला मी फोनवरून यथेच्छ झापलं. तो बिचारा मोटारसायकलवरून आला आणि नळ्यांच्या माथ्यावरची बूचं उघडून मला म्हणाला, "घाला हात." मी हात घातला. आत धूळ होती. इतकी कोरडी की मला शिंक आली. तो वेल्डर माझ्याबद्दल जे बोलला ते बोलायचा त्याला हक्क होता, पण त्याने माझ्या आईला मध्ये आणायला नको होतं.

गुलाबभाऊ हे सगळं दुरून पाहत होता आणि त्याला आनंद होत होता. "कुंदाबाई," तो मोठ्याने म्हणाला, "काही लोकाईले डोये नवे बसवले तरी दिसत नाई."

मधल्या दिवसांत कुंदाबाईंनी आपल्या परीने जे करता येईल ते केलं. साहेबांना खोट दिसू नये म्हणून बायका आता सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बोट धुवायच्या. बादल्याच्या बादल्या ओतायच्या, खराट्याने फळ्या घासायच्या. त्यात एकदोन चांगले पाऊस झाले. बोट आरशासारखी चकचकीत झाली आणि दर दिवशी थोडी थोडी खाली बसत गेली. जितकी स्वच्छ तितकी खोल. गावात बोलणं सुरू झालं. कोणी म्हणालं तलावाला नारळ दिला नाही. कोणी म्हणालं बोटीचं तोंड दक्षिणेला बांधलंत. कुंदाबाईंनी नारळ फोडला, बोटीचं तोंड फिरवलं आणि मग पुन्हा नीट धुतली.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी साहेब आले, ठेकेदार तर होताच, आणि अर्धं गाव. ठेकेदाराने आपली फायबरची बोट ट्रॉलीवर चढवून पाण्याच्या कडेला आणून ठेवली होती, साहेबांनी नाही म्हटलं की लगेच उतरवायला. आमची बोट ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढायची होती. ट्रॅक्टरने ओढ घेतली तशी त्याची पुढची चाकं जमिनीवरून उठली. ड्रायव्हर म्हणाला, "याच्यात काय सिमेंट भरलं काय?" गावातले दहाबारा जण पुढच्या बाजूला लटकले तेव्हा कुठे बोट काठावर आली आणि ओंडक्यांवर चढली.

मी वाकून पाहिलं. मी ठेवलेली एकही वाट तिथे नव्हती. प्रत्येक जोड सीलंटने भरून बोटाने पुसून गुळगुळीत केलेला. चारी कडांना पट्ट्या वाकवून लावलेल्या, कोपरे दुमडलेले, त्या दुमडीतही सीलंट. प्रत्येक दोन चॅनलच्या मध्ये एक, अशा नागपूरच्या सर्वोत्तम कारागिराने बनवलेल्या टाक्यांची रांग बोटीच्या पोटाला लटकत होती. कुठूनही काही टपकत नव्हतं.

साहेब वाकले, बोटाने जोड चाचपला आणि म्हणाले, "वा. फिनिशिंग चांगलं आहे. पत्र्यात काही प्रॉब्लेम नाही. कोणी केलं?"

"म्या," गुलाबभाऊ म्हणाला आणि सवयीने पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. उभा जन्म तो प्रत्येक टाकीवर असंच टकटक करायचा. रिकामी टाकी टणटणते. ही टणटणली नाही. भरल्या पोटासारखा मठ्ठ आवाज आला. त्याने पुढच्या कप्प्यावर ठोकलं. तोच आवाज. मग तो ओणवा होऊन एकेका कप्प्यावर ठोकत मागच्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच उकिडवा बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला कळलं आहे.

माझ्या तोंडात त्या वेळी निदान सात-आठ वाक्यं तयार होती. धंतोलीत पट्टी बांधून पडल्या पडल्या घासून ठेवलेली. त्या दिवशी मात्र माझं तोंड वेळेवर बंद राहिलं, आणि त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

तो गप्प राहिला असता तरी कोणाला कळणार नव्हतं. साहेबांनी पत्र्याला शाबासकी दिलेली होती. बोट पाण्यात गेली असती, पट्टा बुडाला असता, दोष वेल्डरवर नाहीतर दक्षिण दिशेवर गेला असता आणि गुलाबभाऊचं नाव कोरडं राहिलं असतं. फक्त तलाव गेला असता. कुंदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या आणि साहेबांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

गुलाबभाऊने गोणपाट ओढलं, बोटीखाली उताणा पडला आणि हात बाहेर काढून म्हणाला, "हातड्रिल दे."

कुंदाबाईंना नव्हे. मला म्हणाला. मी हाताने फिरवायचं ड्रिल त्याच्या हातात दिलं.

कुंदाबाई घाबरल्या. "काय झालं, भाऊ? फुटली काय?"

"फुटली नाई, ताई. मीच बंद करून ठेवली," तो खालून म्हणाला आणि ड्रिलची मूठ फिरवायला लागला. पत्र्याचा कीस त्याच्या छातीवर पडला, मग एक बारीक धार आली, आणि ड्रिल काढल्यावर पाणी भसकन त्याच्या तोंडावर आलं. तो हलला नाही. फुर्र करून त्याने पाणी थुंकलं, पाठीवरच सरकत पुढच्या कप्प्याखाली गेला आणि तिथे भोक पाडायला लागला. बायकांनी सकाळ-संध्याकाळ ओतलेलं सगळं पाणी, खराट्याच्या काड्या, मुरमुऱ्यांचे दाणे, साबणाच्या फेसासकट एकेका कप्प्यातून त्याच्या अंगावर येत होतं. मध्ये एकदा मी म्हटलं, बाहेर ये, मी करतो. त्याने मान हलवून नाही म्हटलं. शेवटच्या कप्प्यापर्यंत त्यानेच केलं.

पाण्याचा ओहोळ साहेबांच्या पांढऱ्या बुटांपर्यंत आला तेव्हा त्यांना जाग आली. "अरे, म्हणजे ही गळते!"

"गळत नाई, साहेब," कुंदाबाई म्हणाल्या. आतापर्यंत त्यांना उमगलं होतं. "आमीच वरून ओतलं ते पानी हाय. त्याले जागा नव्हती जाले."

"पण आता हिच्या खाली भोकं आहेत. तळाला भोकं असलेल्या बोटीवर मी सही कशी करू?"

ठेकेदार खुर्चीवरून उठला. "साहेब, माह्या बोटीले एकबी भोक नाई. हात फिरवून पाहा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली. बंद बोट वजनाने नापास, उघडी बोट भोकांमुळे नापास. सरकारी तर्कात दोन्ही बरोबर बसत होतं आणि मधल्या मधे तलाव चालला होता.

गुलाबभाऊ बोटीखालून निघाला. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, केसांत मुरमुरे. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, पानी नळ्याईच्या वर चढत नाई, म्हनून ह्या भोकातून आत येत नाई. तुमाले खोटं वाटत असन तं बोट पान्यात सोडा, बायाईले बसवा. अन् मी बी बसतो."

आता हे साहेबांना कळणं शक्य नव्हतं, पण मला माहीत होतं. गुलाबभाऊला पोहता येत नाही. एवढी कामं केली, पण एकाही बोटीत तो कधी बसला नव्हता. पाणी टाकीत असलं की त्याला आवडायचं, त्याहून मोठ्या पाण्यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने लाइफ जॅकेट घेतलं, उलटं घातलं, कुंदाबाईंनी काढून सरळ घातलं. बोट पुन्हा पाण्यात सरकवली तेव्हा ट्रॅक्टर निवांत होता. बायका बसल्या, आधीच्या तपासणीतल्या सगळ्या, साहेबांना हेवी वाटलेल्या त्या तर अगदी पुढे. गुलाबभाऊ मधल्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून डोळे मिटून बसला. कुंदाबाईंनी मोटर सुरू केली.

लाल पट्टा पाण्याच्या वर होता. चांगला वीतभर वर. बोट तलावाच्या मध्यापर्यंत गेली, वळली, परत आली, आणि तिच्या पोटाखाली कुठलीही थडथड ऐकू आली नाही. काठावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पट्टा पाहिला, पुन्हा पाहिला, ठेकेदाराकडे पाहणं टाळलं आणि विचारात पडले. भोकांना भोकं म्हणून त्यांना पास करता येत नव्हतं. मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. "तळाशी पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था आहे," असा शेरा मारला आणि सही केली. तीच भोकं, पण व्यवस्था म्हटल्यावर त्यांची सगळी गळती थांबली. साहेब जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की ही कल्पना त्यांना पहिल्यापासून योग्य वाटत होती. मी त्यांचा आभारी आहे असं सांगितलं.

ठेकेदाराने फायबरची बोट बांधली आणि नेली. कुंदाबाई पाण्यात घोट्यापर्यंत उतरल्या, बोटीचा दोर स्वतःच्या हाताने खुंट्याला बांधला, आणि मग बोटीच्या कडेला कपाळ टेकवून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. आम्ही दोघंही दुसरीकडे पाहायला लागलो.

गुलाबभाऊ काठावरच्या दगडावर बसला होता. त्याचे दात वाजत होते, थंडीने की त्या फेरीने ते त्यालाच ठाऊक. मी टॉवेल घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो. सात-आठ वाक्यं अजूनही तयार होती. त्यांच्याऐवजी मी टॉवेल पुढे केला. इतके दिवस तो बोलत नव्हता आणि ते दिवस मला फार वाईट गेले होते, हेच काय ते त्या वेळी मला कळत होतं.

त्याने डोकं पुसलं. केसातला एक मुरमुरा काढून पाहिला आणि फेकून दिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तू म्हनला होता, गा. फट ठेव म्हनून."

"म्हनलो होतो."

"म्या ऐकलं नाई."

"नाई ऐकलं."

मान पुसत तो तलावाकडे पाहत राहिला. मग टॉवेल माझ्याकडे देत म्हणाला, "पन एक सांग. इतके दिवस बोट पान्यात होती. एक थेंब तरी गयला होता काय?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण मी ती टाकी पाहिली होती.

"नाई," मी म्हटलं. "एक थेंब नाई गयला."